जुन्या घाटाची फटफटी आणि नवी विद्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपला एलबीएस रोडला लागून असलेल्या एका गल्लीत आमचं दोन शटरचं गॅरेज आहे. डावीकडे बाबा बसतात. ते एपीआयमध्ये फिटर होते, म्हणजे इथे भांडुपलाच लँब्रेटा स्कूटर बनवणाऱ्या कारखान्यात. त्यांच्याकडे पाने आहेत, बारीक फट मोजायचा फीलर गेज आहे आणि ठाम मतं आहेत. उजवीकडे मी बसतो, स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन. गिऱ्हाईक आधी दोन्ही शटरांकडे बघतं आणि मग तेच विचारतं, जे कालच्याने विचारलेलं असतं. म्हणून एकदाचं लिहून काढलं. बाबांना जी उत्तरं पटली नाहीत, तिथे तसं नमूद केलं आहे.

दादा, शोरूममधली रॉयल एनफिल्ड क्लासिक आणि आमच्या बाबांच्या वेळची बुलेट, गाडी एकच ना?

दहा फुटांवरून एकच. आता जवळ या आणि खाली वाका.

बुलेट हे नाव इंग्लंडमधलं, १९३२ सालचं. आपण जिला बुलेट म्हणून ओळखतो तो चेहरा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरचा. भारतीय लष्कराला ही गाडी आवडली, १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, आणि पुढे १९७० च्या आसपास इंग्लंडमधला मूळ धंदा बंद पडला तरी मद्रासमध्ये गाडी बनत राहिली. जुन्या इंजिनाचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९० मिमी, ३४६ सीसी. गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा. व्हॉल्व्ह उघडायला खालून वर जाणारे पुशरॉड. ठिणगीसाठी पॉइंट, म्हणजे विजेची उघडझाप करणारी दोन टोकं.

२०२० मध्ये मीटिऑर ३५० बरोबर जे इंजिन आलं आणि २०२१ मध्ये नव्या क्लासिकमध्ये बसलं, ते ३४९ सीसी. तीन सीसीचा फरक, म्हणून लोकांना वाटतं तेच इंजिन धुऊनपुसून दिलंय. तसं नाही. बोअर ७२, स्ट्रोक ८५.८. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेला, पुशरॉड गेले, कंप मारायला बॅलन्सर शाफ्ट आला, पेट्रोल फ्युएल इंजेक्शनने जातं. दोन्हींमध्ये समान काय, तर लांब स्ट्रोकचा एकच सिलिंडर आणि टाकीचा घाट. या दोन गोष्टींवर अख्खा धंदा उभा आहे.

मग टाकी, गोल दिवा, स्पोक हे सगळं नुसतं दाखवायला ठेवलंय का?

काही दाखवायला, काही कामाला. हे निवडता आलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या गाडीचा एकही भाग कोणी शोभेसाठी घडवलेला नव्हता. टाकी वर का? कारण हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला पेट्रोल आपोआप खाली उतरून मिळायला हवं. मधे पंप नाही, काही नाही. कॉक उघडला की उतारावर पाणी जावं तसं पेट्रोल जातं. टाकी पुढे फुगीर आणि मागे निमुळती का? कारण पुढे जागा आहे आणि मागे तुमचे गुडघे आहेत. टाकीच्या बाजूंना रबराचे तुकडे चिकटवलेले असतात, तिथे गुडघे टेकतात. पॅड नसतील तर रंग उडतो. इंजिनावर पत्र्यासारख्या ज्या पातळ पट्ट्या असतात, फिन्स, त्या हवेला लागणारा पृष्ठभाग वाढवतात, म्हणजे इंजिन थंड राहतं. बुलेटच्या दिव्याभोवती जी धातूची खोळ आहे, तिच्यात स्पीडोमीटर आणि अँपिअर मीटर बसवायची सोय होती. वायरी आत, पाऊस बाहेर. आमच्या गॅरेजमधल्या जुन्या गाडीच्या अँपिअर मीटरचा काटा अजून हलतो, आणि तो हलला की बाबा आवाज न ऐकताही सांगतात बॅटरीला चार्ज मिळतोय की नाही.

आता नवी गाडी. पेट्रोल टाकीतल्या पंपाने दाबून जातं, म्हणजे टाकी सीटखाली असली तरी चाललं असतं. ती वरच राहिली, कारण लोकांना मोटरसायकल म्हटलं की समोर टाकी लागते आणि गुडघे तर अजून आहेतच. ही सवय आहे, पण अंगाची सवय आहे, तिला मी खोटेपणा म्हणणार नाही. दिव्याची खोळ राहिली, आत मात्र अँपिअर मीटरच्या जागी आकडे दाखवणारी छोटी काच आली.

आणि टाकीवरच्या सोनेरी रेघा. बुलेटच्या टाकीवरच्या या रेघा चेन्नईला अजूनही हाताने ओढतात. लांब केसांचा ब्रश रंगात बुडवायचा, टाकीच्या वळणावर टेकवायचा आणि मनगट न थांबवता एका दमात शेवटपर्यंत न्यायचा. गाडी दिव्याखाली तिरकी धरून पाहा. रेघ जिथे संपते तिथे रंग किंचित जाड झालेला दिसेल. स्टिकरला ते जमत नाही.

रेडिएटर असलेल्या गाडीला फिन्स कशाला? ही फसवणूक नाही का?

ट्रायम्फला विचारा. २००८-०९ च्या सुमारास त्यांनी बॉनव्हिलला फ्युएल इंजेक्शन लावलं आणि त्याच्या थ्रॉटल बॉडीला कार्ब्युरेटरचं रूप दिलं. २०१६ मध्ये तीच गाडी पाण्याने थंड व्हायला लागली. रेडिएटर सांगाड्याच्या पुढच्या नळ्यांच्या मधे लपवला आणि फिन्स तशाच ठेवल्या. बजाजबरोबर केलेली स्पीड ४००, जी आपल्याकडे चाकणला बनते, तिच्या इंजिनावरही रेडिएटर असून फिन्स आहेत.

माझं मत असं की लपवण्यात पाप नाही. चोळीला अस्तर असतंच की. माझी तक्रार तिथे, जिथे लपवलेल्या भागापर्यंत पोचायला टाकी उतरवावी लागते. साधा एअर फिल्टर बघायला अर्धी गाडी खोलायची, त्याला कुठलं आलंय घराणं!

एबीएसची गरज आहे का? आमचे वडील म्हणतात ब्रेक हातात नाही, डोक्यात असतो.

आमचेही तेच म्हणतात. या एका बाबतीत मी त्यांचं ऐकत नाही.

जुलै महिना, संध्याकाळचे सात, मेट्रोच्या कामासाठी रस्त्यावर टाकलेली लोखंडी प्लेट, तिच्यावर चिखलाचा पातळ थर, आणि पुढचा रिक्षावाला पॅसेंजर दिसला म्हणून जागच्या जागी थांबला. इथे डोकं कितीही शहाणं असलं तरी हात घाबरतो आणि पुढचा ब्रेक पूर्ण दाबला जातो. चाक फिरायचं थांबलं की हँडलचा ताबा गेला. एबीएसमध्ये चाकाजवळ दात्यांची किंवा भोकांची एक चकती असते, शेजारी सेन्सर. चाक लॉक व्हायला आलंय हे त्याला कळतं आणि ब्रेकचा दाब क्षणभर सोडून पुन्हा धरला जातो, सेकंदात अनेक वेळा. लिव्हरवर बोटांना तड-तड-तड असं जाणवतं. नवी गाडी घेतलेले लोक ही तडतड ऐकून ‘ब्रेकमध्ये काहीतरी बिघाड आहे’ म्हणून येतात. बिघाड नाही, ते तुम्हाला वाचवत होतं.

१२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. १२५ आणि त्याखालच्यांना किमान कॉम्बी ब्रेक, म्हणजे एक दाबला की दोन्ही चाकांना लागतो तो. सिंगल चॅनल म्हणजे फक्त पुढच्या चाकाला, ड्युअल म्हणजे दोन्हींना. पैसे असतील तर ड्युअल घ्या आणि क्रोमचे आरसे पुढच्या वर्षी लावा. एवढं लक्षात ठेवा की खडीवर किंवा मोकळ्या वाळूवर एबीएसने गाडी लवकर थांबेलच असं नाही, कधी थोडी पुढेही जाते. पण ती सरळ जाते.

कार्ब्युरेटर बरा की इंजेक्शन?

सकाळी थंड इंजिन, किक, चोक, पुन्हा किक, शेजाऱ्यांच्या शिव्या, यातून इंजेक्शनने सुटका केली. कसारा घाट चढताना हवा विरळ झाली तर मिश्रण आपोआप जुळतं. अॅव्हरेज सुधारतं, धूर कमी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले आणि त्या मापात बसायला कंपन्यांनी कार्ब्युरेटर जवळपास सोडूनच दिला. तेव्हा नव्या गाडीत हा पर्यायच उरलेला नाही. प्रश्न खरा आहे तो वेगळाच, आणि तो खाली येतो.

एक काळजी मात्र घ्या. टाकीतला पंप त्याच्याभोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. रोज पन्नास रुपयांचं पेट्रोल टाकून गाडी कोरडी फिरवणाऱ्यांचे पंप माझ्याकडे जास्त येतात.

नवी गाडी पावसात मधेच बंद पडली तर रस्त्यावर काय करता येतं?

खरं सांगायचं तर फारसं काही नाही. हाच माझ्या मते सगळ्या भांडणाचा गाभा आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कांजूरचा एक मुलगा, आठ महिन्यांची ३५० सीसी गाडी, कंपनीचं नाव नको. गांधीनगर जंक्शनला सिग्नल सुटला, पहिला गिअर टाकला, गाडी बंद. न्यूट्रलला चालू होते, गिअर टाकला की बंद. १९० किलोहून जास्त वजन ढकलत तो भर पावसात भांडुपपर्यंत आला. चेहरा असा की गाडी नाही, नशीब बिघडलंय. मी स्कॅनर लावला. बिघाडाचा एकही कोड नाही. संगणकाच्या मते गाडी ठणठणीत. मग मी पाण्याचा फवारा मारून साईड स्टँडचा स्विच धुतला, दोनदा स्टँड आत-बाहेर केला, आणि गाडी चालू. स्विचमध्ये चिखल बसला होता. गाडीला वाटत होतं स्टँड खाली आहे, आणि स्टँड खाली असताना गिअर टाकला तर इंजिन बंद करायचं, हे तिला शिकवलेलं. तुम्ही पडू नये म्हणून केलेली सोय, आणि तिनेच मुलाला दोन किलोमीटर चालवलं.

त्याच आठवड्यात बाबांची १९७९ ची बुलेट सोनापूरच्या सिग्नलला फटफटली आणि थांबली. बाबांनी ती फुटपाथला घेतली, उजवीकडचं पॉइंटचं झाकण स्क्रूड्रायव्हरने काढलं, आतला ओलावा खिशातल्या रुमालाने पुसला, पॉलिश पेपरचा तुकडा दोन टोकांमध्ये घालून ओढला. पॉइंटमधली फट मोजायला फीलर गेज नव्हता. त्यांनी पाकिटातून कुठल्याशा एलआयसी एजंटचं व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि ते फटीत सरकवून पाहिलं. हवी ती फट साधारण ०.३५ ते ०.४० मिमी, कार्डाची जाडी तेवढीच. दहा मिनिटांत चालू. पॉइंटमुळे गाडी बंद पडली हे खरं, आणि पॉइंटमुळेच ती दहा मिनिटांत चालू झाली हेही खरं.

नव्या गाडीत पॉइंट नाहीत म्हणून ती शंभरातल्या नव्याण्णव दिवशी बंद पडत नाही. उरलेल्या एका दिवशी ती तुमच्याशी बोलत नाही. परंपरा परंपरा म्हणून आपण क्रोम आणि आवाजाबद्दल रडतो. मला विचाराल तर गेली ती ही बोलण्याची सवय. बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात, २०२३ पासून, गाडीने स्वतःचे बिघाड स्वतः ओळखून दिवा लावायचा हा नियम आणखी कडक झाला. चांगलंच आहे. पण दिवा का लागला हे पूर्ण वाचायला बऱ्याचदा कंपनीचंच सॉफ्टवेअर लागतं, आणि ते गल्लीतल्या गॅरेजला मिळत नाही. दिवा मालकाच्या गाडीत आणि त्याचा अर्थ कंपनीच्या कपाटात, हा न्याय मला अजून कोणी समजावून दिलेला नाही.

साचलेल्या पाण्यातून कोणती गाडी बरी?

कोणतीच नाही. सायलेन्सरच्या तोंडाच्या वर पाणी असेल तर थांबा, चहा प्या. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो, मग तो १९६० चा असो की २०२४ चा. बंद पडलीच तर सेल्फ मारत बसू नका. प्लग काढून आधी पाणी बाहेर काढा, किंवा ढकलत घरी न्या.

नव्या बुलेटला तो जुना आवाज का नाही?

जुन्या इंजिनात जड फ्लायव्हील, कमी कॉम्प्रेशन आणि लांब स्ट्रोक होता, म्हणून ते अगदी हळू, श्वास मोजता येतील असं चालायचं. दोन ठोक्यांमध्ये जी रिकामी जागा असायची, तिच्यात खरी मजा होती. आपण ‘डुग-डुग’ म्हणतो त्यातली आडवी रेघ म्हणजे ती जागा. धूर आणि आवाजाच्या नियमांमुळे इंजिनाला आता इतकं हळू, इतकं ओलं, म्हणजे जास्त पेट्रोलचं, मिश्रण पिऊन चालता येत नाही. सायलेन्सरमध्ये धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, त्यानेही आवाज गिळला. होंडाने २०२० मध्ये सीबी३५० आणली तेव्हा त्यांनीही लांब स्ट्रोक आणि जाड आवाजाची नीट आखणी केली होती. म्हणजे आवाज आता इंजिनातून ‘होत’ नाही, तो ‘करतात’.

बाबा सांगतात, १९८५ मध्ये हिरो होंडा सीडी१०० आली तेव्हा कारखान्यातले लोक हसले होते, गाडी चालू आहे की बंद तेच कळत नाही म्हणून. पुढच्या काही वर्षांत त्याच लोकांनी ती घेतली.

मग आवाजाचा सायलेन्सर बसवून द्याल का?

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असे फेरफार चालत नाहीत, आणि जप्त केलेल्या सायलेन्सरवर ट्रॅफिक पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. शिवाय कन्व्हर्टर काढला की ऑक्सिजन सेन्सर चुकीचं वाचतो, गाडी जास्त पेट्रोल पिते आणि मग तुम्हीच ‘दादा, अॅव्हरेज पडलं’ म्हणून येता. फटाके मारत जाणाऱ्या मुलांना एकच विनंती: रात्री अकराला आमच्या गल्लीतून नको. समोर दोन म्हाताऱ्या आहेत आणि एक नवं बाळ.

उजव्या पायाचा गिअर गेला ते बरं झालं की वाईट?

बरं झालं. जुन्या ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे, आताच्या गाड्यांचं उलट. एका घरात दोन गाड्या असतील आणि घाईत चुकीचा पाय दाबला गेला तर ब्रेकऐवजी गिअर पडायचा. नवीन शतकाच्या पहिल्या दशकात बुलेटचाही गिअर हळूहळू डावीकडे आला. बाबांना हे मान्य नाही. बाबा डावखुरेही नाहीत, तरी मान्य नाही.

स्पोक की अलॉय?

स्पोकच्या रिमला भोकं असतात, म्हणून आत ट्यूब लागते, आणि ट्यूब पंक्चर झाली की हवा एकदम जाते. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रात्री हा अनुभव घेऊ नका. अलॉयला ट्यूबलेस टायर, खिळा घुसला तरी हवा हळू उतरते, पंक्चरवाल्यापर्यंत पोचता येतं. उलट बाजू अशी की मुंबईच्या खड्ड्यात अलॉय आपटली तर तडकते, आणि तडकलेली रिम कोणी वेल्डिंग करून देत असेल तर त्याच्या दुकानातून पळा. स्पोक वाकतो, मिस्त्री तो ताणून आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून देतो. रोज ऑफिसला जाणाऱ्याने अलॉय घ्यावी. हिमालयन ४५० ला ट्यूबलेस स्पोक मिळतात, तो मधला मार्ग आहे, पण खिशाला लागतो.

नवी जावा खरी जावा आहे का?

जुनी जावा आपल्याकडे म्हैसूरला बनायची, पुढे येझदी नावाने, आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद झाला. टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर आणि तरी दोन बाजूंना दोन सायलेन्सर. किक आणि गिअर एकाच लिव्हरवर: लिव्हर आत दाबून फिरवला की किक, परत जागेवर आला की गिअर. इतकी हुशार आणि इतकी साधी युक्ती मी दुसरी पाहिलेली नाही.

२०१८ मध्ये जावा परत आली. २९३ सीसी, फोर-स्ट्रोक, रेडिएटर, सहा गिअर. इंजिनाचा बाहेरचा घाट जुन्यासारखा ओतलेला, दोन सायलेन्सर राखले. गाडी चांगली पळते. पण ती लिव्हरची युक्ती नाही. चेहरा वारशाने आला, डोकं मात्र नवं आहे. घ्यायची तर नवी गाडी म्हणून घ्या. आजोबांची आठवण शोधायला गेलात तर रेडिएटरच्या जाळीला अडकाल.

आरएक्स१०० पुन्हा येईल का?

जशी होती तशी यायची नाही. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, अंगाला हलकी, पिकअप असा की मागे बसलेला मित्र मागेच राहायचा. पण टू-स्ट्रोकमध्ये नवीन मिश्रण आत येताना त्यातलं थोडं न जळता थेट सायलेन्सरमधून बाहेर जातं, वर तेलही जळतं. आजच्या धुराच्या नियमांत ते बसणं अवघड. जी जुनी आहे ती जपा, आणि इंजिन नंबर तपासल्याशिवाय कोणाकडूनही घेऊ नका.

पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेट चालवायची आहे. नवी चालेल की जुनी लागेल?

गिरगावच्या यात्रेचे फोटो बघून दर मार्चमध्ये दोन-तीन मुली हे विचारायला येतात. नवी घ्या. दोन-तीन तास चालण्याच्या वेगाने, ढोलांच्या मागे, ऊन डोक्यावर. नवीन ३५० चं इंजिन हवा आणि तेलाने थंड होतं, २७ न्यूटन मीटर टॉर्क ४००० आरपीएमला मिळतो, पण त्याच्या खूप खाली, अगदी हळूही गाडी धक्का न देता चालते. जुनीही हळू छान चालते, मात्र बंद पडली तर हजार माणसांसमोर किक मारायची तयारी हवी. अर्धवट क्लच धरून चालवू नका, प्लेटा जळतील; मधे जागा झाली की न्यूट्रल करून उभ्या राहा. नऊवारीचा काष्टा असल्यामुळे बसायला काही अडत नाही. पदर मात्र पिनेने घट्ट बांधा, चेनच्या बाजूला एक टोकही लोंबता कामा नये. आदल्या दिवशी गाडी आणा, चेन आणि क्लच केबल बघून देतो, पैसे घेत नाही.

जास्त हॉर्सपॉवरची आधुनिक गाडी घेऊ का?

सी लिंकवर बाईक चालत नाही. कोस्टल रोडवर नाही, ईस्टर्न फ्रीवेवर नाही, अटल सेतूवर नाही, पुणे एक्स्प्रेसवेवर नाही. जे रस्ते उरतात तिथे तुमच्यापुढे बेस्टची बस आहे. आता तुम्हीच ठरवा.

इलेक्ट्रिक आली की परंपरा संपली ना?

रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानला फ्लाइंग फ्ली नावाची इलेक्ट्रिक गाडी दाखवली. नाव दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्याच १२५ सीसी गाडीचं, जी छत्रीधारी सैनिकांबरोबर खाली टाकली जायची. पुढे गर्डर फोर्क, म्हणजे टेलिस्कोपिक यायच्या आधीची जुनी रचना. आणि बॅटरीच्या पेटीला फिन्स! बाबांना फोटो दाखवला. ते म्हणाले, ‘फिन्स गरम होतात का?’ बरोबर प्रश्न आहे. गरम होत असतील तर त्या खऱ्या.

मुंबईत अडचण रूपाची नाही, प्लगची आहे. चाळीत, झोपडपट्टीत, पार्किंग नसलेल्या जुन्या सोसायटीत गाडी चार्ज कुठे करायची? आमच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावरून एक्स्टेंशन वायर खाली सोडणारे दोघे आहेत. तसं करू नका, पावसात तर अजिबात नाही. सोसायटीकडून मीटर आणि १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट लेखी घ्या, मगच बुकिंग करा.

सीएनजीची बजाज फ्रीडम १२५ जुलै २०२४ मध्ये आली. दोन किलो गॅस मावणारी टाकी सीटखाली, वर दोन लिटर पेट्रोल. गणित चांगलं आहे. फक्त भरायला जाल तेव्हा पुढे चाळीस रिक्षा असतील, डबा बरोबर न्या.

घरी पन्नास वर्षांची गाडी पडून आहे. कागदांचं काय?

साध्या गाडीचं आरसी पंधरा वर्षांचं, पुढे तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांनी वाढवायचं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवर गेलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. पण मग ती रोज भाजी आणायला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. रोज चालवायची असेल तर साधं आरसीच वाढवा.

गाडी पुन्हा चालू करण्याआधी पेट्रोलच्या नळ्या आणि कार्ब्युरेटरची रबरं बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं किंवा कडक होतं. इथेनॉल हवेतला दमटपणाही ओढतं आणि मुंबईत दमटपणा फुकट आहे, म्हणून गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी आतून गंजली नाही ना हे टॉर्च मारून बघा.

वडिलांची जुनी बुलेट विकून नवी घेऊ का?

रोज ठाणे ते अंधेरी करणार असाल तर नवी घ्या, एबीएससकट. जुनी विकायची घाई करू नका. ती जर तुम्ही विकलीत, तर पाच वर्षांनी तीच गाडी शोधत याल आणि मला फोन लावाल. असे चार जण आहेत.

जुनीला किक मारताना पाय उलटा फेकला जातो. कशी मारायची?

जोर लावू नका, युक्ती आहे. पेट्रोल कॉक उघडा, थंड असेल तर चोक लावा, चावी फिरवा. आता किक हळूहळू पायाने दाबत जा आणि नजर अँपिअर मीटरवर ठेवा. काटा एका बाजूला पडलेला असेल. दाबता दाबता तो उडून मध्यावर येईल. तिथेच थांबा. डाव्या हाताने डिकॉम्प्रेसरचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, छोटा लिव्हर ओढा, किक अगदी बोटभर पुढे ढकला, लिव्हर सोडा. किक वर येऊ द्या. मग गुडघा न आखडता, अंगाचं वजन टाकून एकच लांब किक. अॅक्सिलरेटर हातात घ्यायचा नाही. इंजिनाने धरलं की दहा-बारा ठोके तसंच चालू द्या, मग हळूच चोक काढा.